पुसलेलं मूल्यांकन

विस्मरण केंद्रातून बाहेर पडताना वृषाली मगदूमला एवढंच माहीत होतं, की गेले काही महिने ती कुणाच्या तरी धंद्याची किंमत ठरवत होती. अहवाल कोर्टात गेला की त्या कामाची आठवण मूल्यांककाच्या डोक्यातून पुसायची, असा आता कायदाच होता. पक्षकारांची गुपितं बाहेर जायला नकोत. दर वेळी मागे एकच धाकधूक उरायची. काम नीट झालं असेल ना?

समोरच्या टपरीवर तिने चहा सांगितला, तेवढ्यात एक अनोळखी म्हातारा पुढ्यात येऊन उभा राहिला.

"मॅडम, भावाचा गिरणीतला हिस्सा घ्यायला मला आता राहतं घर विकावं लागेल. एवढी किंमत काढतात होय?"

"माफ करा, मी तुम्हाला ओळखत नाही," वृषाली म्हणाली. ते खरंच होतं.

तो पुटपुटत निघून गेला. चहा हातात येतो न येतो तोच, हुबेहूब तसंच नाक असलेला दुसरा आला.

"थोरल्याने किती चारले तुम्हाला? माझा हिस्सा कवडीमोलाने त्याच्या घशात घातलात."

चहावाला कावराबावरा झाला. "ताई, पोलिसांना बोलवू का?"

"कशाला?" वृषालीची मान ताठ झाली होती. पैसे देणाऱ्याला किंमत जास्त वाटत होती आणि पैसे घेणाऱ्याला कमी. धाकधूक पार गेली.

"यांना एक चहा द्या," ती म्हणाली, "आणि यांचे थोरले भाऊ अजून कोपऱ्यावरच असतील, त्यांनाही हाक मारा."