कोरा कागद

हल्ल्याआधी सगळी पलटण एकमेकांच्या पाठीवर नावाचे कागद टाचत होती. मेल्यावर निदान कबरीवर आपलं नाव लागावं, एवढीच हाव अमेरिकेच्या त्या यादवीत शिपायांना उरली होती.

सार्जंटने आपला कागद एमॉसच्या हातात दिला. "नीट टाच रे. उडाला, तर बेवारशी जाईन मी."

एमॉसच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. महिन्यापूर्वी याच माणसाने त्याच्या मेलेल्या धाकट्या भावाला निनावी खड्ड्यात लोटायला लावलं होतं. "मढ्याला कसलं आलंय नाव?" म्हणाला होता.

एमॉसने तो कागद मुठीत चुरगाळला आणि सार्जंटच्या पाठीवर दुसराच, कोरा कागद टाचला. जा आता बेवारशी, तो मनात म्हणाला. मग सार्जंटने एमॉसच्या पाठीवर त्याच्या नावाचा कागद टाचला. शाई वाळेपर्यंत फुंकर घालून, अगदी मायेने.

दुपारपर्यंत निम्मी पलटण कापली गेली. सार्जंटही पडला. मग तासभर पाऊस कोसळला.

एमॉस मुद्दाम खड्ड्याशी येऊन उभा राहिला. सार्जंटला निनावी मातीत जाताना त्याला डोळे भरून पाहायचं होतं. पण चिखलाने माखलेली सगळी मढी सारखीच दिसत होती, आणि प्रत्येक पाठीवरचा कागद पावसाने धुऊन काढला होता.

"यातला तुझा कोण?" खड्डा खणणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं.

एमॉस एकेका पाठीकडे बघत राहिला.

म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवरून नजर फिरवली. "तुझाही काढून टाक आता. कोराच आहे."