काहीच निघत न्हाई

जालन्याच्या एका लोखंड कारखान्याचे वायाळ साहेब परदेश दौरा करून आले होते आणि तो कुणाला सांगितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. म्हणून एका संध्याकाळी त्यांनी कारखान्यामागच्या वस्तीत मांडव टाकला, सगळ्यांना चहा पाजला आणि पडद्यावर चित्रं दाखवायला सुरुवात केली. "हे जपान बघा! तिथं भट्टीचा गॅस हवेत सोडत नाहीत, त्याची वीज करतात. कोरियातही तेच. आणि आपण? आपल्या चिमणीतून रोज एवढा गॅस वाया जातो, की आपल्या जिल्ह्यात टेंभुर्णीपासून तीर्थपुरीपर्यंत घराघरांत दिवे लागतील!" टाळ्या पडल्या. साहेब फुगले, जर्मनीवर आले आणि लाईट गेली.

अंधारात पुढच्या रांगेतून नंदाबाई बोलली, "साहेब, मागल्या साली लेकरं खोकून बेजार झाल्ती, दोरीवरचे कपडे काळे पडल्ते. तव्हा तुम्हीच म्हणल्ते ना, चिमणीतून काहीच निघत न्हाई?"

लाईटबरोबर माईकही बंद पडला हे बरंच झालं, असं साहेबांना वाटलं. ते हळूच म्हणाले, "हो, म्हणजे... तेव्हा काही निघत नव्हतं."

नंदाबाईला माईक लागतच नव्हता.

"मंग आमचं कुठं न्हाई म्हणणं? काहीच निघत न्हाई, तरी तीर्थपुरीपस्तोर उजेड. उद्या खरंच काही निघालं, तर सूर्याला घरीच बसवा!"