खंडेनवमीचं कुंकू

“नेट चालत नाही,” म्हणत गिऱ्हाइकाने जुना कॉम्प्युटर हेमलताच्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवला. तिने कव्हर उघडलं, नेटवर्क कार्ड उपसलं आणि तिचा हात थबकला. धुळीखाली कार्डावर कुंकवाचं बोट उमटलं होतं.

खंडेनवमीला लोक कॉम्प्युटरला बाहेरून कुंकू लावतात. तिचा नवरा मात्र प्रत्येक मशीन उघडून थेट कार्डालाच लावायचा. “आपलं पोट याच्यावर आहे,” म्हणायचा. चोरांनी त्याच्याच सायबर कॅफेत डोकं फोडून त्याचा जीव घेतला आणि सगळी मशीनं नेली.

“कुठून घेतला हा?”

“घेतला कुठला? पहिल्यापासून माझाच आहे.”

“मग माझ्या नवऱ्याने याला कुंकू कसं लावलं?”

त्याने एका हाताने तिचा गळाच धरला. डोळ्यांपुढे अंधारी आली, तसा तिने हाताला लागलेला स्क्रूड्रायव्हर उचलला आणि टेबलावर टेकलेल्या त्याच्या दुसऱ्या पंजातून आरपार लाकडात घुसवला. तो गुरासारखा ओरडला आणि तिच्या गळ्यावरची पकड सुटली.

कार्डाची कड पदराला पुसून तिने ते परत बसवलं, वायर खोचली, बटण दाबलं. हिरवा दिवा लुकलुकला.

“बघ, चालू झालं,” ती धापा टाकत म्हणाली. “आता पोलिसांना कळवते. माझ्या नवऱ्याच्याच मशीनवरून.”