कोरडी हिरवळ

पिकलने भुंकायला तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. फुस्स. फुटक्या फुग्यासारखी. तो बिचारा स्वतःच दचकला. हे कोण भुंकलं, म्हणून वळून बघायला गेला आणि मागचे दोन्ही पाय पसरून डेकवर बसला. पुन्हा उठलाच नाही.

"काल नुसता डुलत होता," नेरिडा म्हणाली. नुकत्याच बदललेल्या खुब्यावर हात दाबत ती कशीबशी त्याच्याजवळ टेकली. "क्लेम, आज पाय गेलेत रे याचे."

क्लेम त्यांच्या ‘वॅगटेल’ बोटीचं सुकाणू फडक्याने पुसत होता. ते आधीच चकचकीत होतं.

बत्तीस वर्षं क्लेम याच बेटांवर रेंजर होता. प्रत्येक किनाऱ्यावरची ‘कुत्र्यांना बंदी’ ही पाटी त्याने स्वतःच्या हाताने ठोकलेली. त्यामुळे निवृत्तीनंतर बायकोसोबत बोट घेऊन निघाला, तर पिकलसाठी पुढच्या डेकवर नकली हिरवळीचा तुकडा आला. शी-शू सगळं त्यावरच उरकायचं. "दोन दिवसांत शिकला पठ्ठ्या!" असं क्लेम भेटेल त्याला सांगायचा. मागच्याच आठवड्यात एका तरुण जोडप्याने आपली कुत्री वाळूवर पळवली, तर क्लेमने रेडिओवर त्यांची अशी खरडपट्टी काढली की ती पोरगी रडली. दुसऱ्या दिवशी दोघं नांगर उचलून निघूनच गेली.

बेटांच्या आडोशाला फोन लागत नाही. सकाळ-संध्याकाळ रेडिओवर बोटींची हजेरी होते. एक बोलतो तेव्हा बाकीचे सगळे चहाचे कप धरून ऐकतात. काल संध्याकाळच्या हजेरीतच बर्निसने विचारलं होतं. बर्निस म्हणजे पलीकडच्या खाडीतल्या ‘मारिगोल्ड’वरची. चाळीस वर्षं जनावरांची डॉक्टर होती.

"किनाऱ्यावर गेला होता का रे तो? तिथल्या झाडीतली गोचीड चावली असली तर अवघड आहे, तिच्या विषाने अंग लुळं पडतं."

"माझा कुत्रा? किनाऱ्यावर?" क्लेम हसला होता. "बर्निस, पाट्या मी ठोकल्यात!"

"माहितीय हो, रेंजरसाहेब! मग कंबर धरली असेल. तुझ्यासारखाच म्हातारा झालाय. झोपू दे त्याला."

त्यांनी त्याला झोपू दिलं.

आता आठ वाजले. रेडिओवर बर्निसचा आवाज खरखरला. "वॅगटेल, पिकल कसा आहे?"

क्लेमने माइक उचलला. "मागचे पाय हलत नाहीत. भुंकताही येत नाही."

"अंगावर काही सापडलं?"

नेरिडा पहाटेपासून पिकलच्या दाट केसांत बोटं फिरवत होती. तिने मान हलवली.

"नाही," क्लेम म्हणाला.

"पोट भरलं की गळून पडते गोचीड. विष मागे राहतं." बर्निसच्या आवाजातली थट्टा पार गेली होती. "क्लेम, नीट ऐक. विष असेल तर त्यावरचं इंजेक्शन बोवेन बंदरातच मिळेल. नऊ तास लागतील, आत्ताच निघावं लागेल. पण कंबरेचं दुखणं असेल, तर बाहेरच्या लाटांत आदळून तूच त्याला मारशील. मला एवढंच सांग. तो जमिनीवर उतरला होता की नाही?"

क्लेमचा अंगठा माइकच्या बटणावर होता. तो दाबला जात नव्हता. खाडीत बारा बोटी उभ्या होत्या आणि बाराही बोटींवर रेडिओ चालू होते. पिकलचं पोट वर यायचं, तिथेच अडकायचं, मग खाली जायचं.

नेरिडाने खालूनच हात लांब करून त्याच्या हातातला माइक घेतला.

"बर्निस, मी नेरिडा. मी नेलं होतं त्याला. मंगळवारी पहाटे. क्लेम झोपला होता. त्याला काहीच माहीत नाही."

"अगं बाई! मग काल का नाही बोललीस? काल निघाला असतात तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "पाणी पाजू नका. निघा. पळा!"

"रेंजरच्या घरातच चोर निघाला की!" कुठल्याशा बोटीवरून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

नांगराची साखळी खडखडत वर आली. क्लेमने इंजिन पूर्ण वेगाने सोडलं. खाडीच्या तोंडाशी पहिलीच लाट आदळली आणि नेरिडाने पिकलला मांडीवर घट्ट धरलं. क्लेमच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. लाटेचं नव्हतं, कारण काच बंद होती.

"नेरिडा, तुला कसं..."

"पुढे बघ."

मागे छोटी होडी दोरीवर हिसके खात येत होती. तिच्यात उतरायला पाच पायऱ्यांची शिडी होती. खुब्याच्या ऑपरेशननंतर नेरिडा त्यातली एकही उतरलेली नव्हती. रोज पहाटे ती अंथरुणात डोळे मिटून वल्ह्यांचा आवाज ऐकायची. इंजिन नाही, नुसती वल्ही, हळूहळू किनाऱ्याकडे जाणारी. मग काठी टेकत पुढच्या डेकवर जायची आणि त्या हिरवळीवर तळवा फिरवायची. या खाडीत आल्यापासून बाराही दिवस ती कोरडी. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदा एक नियम मोडत होता, तोही तिच्या कुत्र्यासाठी. तिला ते इतकं आवडलं होतं की ती कुणाला बोललीच नव्हती. त्यालासुद्धा नाही.

काल संध्याकाळीही नाही.