गॅलरीतले सासरे

टँकरसाठी भांडता भांडता आमदार झालेली म्हसवडची माया विधानसभेत मात्र अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसापर्यंत तोंड उघडू शकली नव्हती. तिथल्या गारव्यात तिचे डोळे जड होत, पांढऱ्या कपड्यांतले सदस्य माळावर बसलेल्या मेंढरांसारखे दिसू लागत आणि दूरवरून मेंढपाळ सासऱ्यांची हाळी ऐकू येई. आज तिनं वर पाहिलं, तर प्रेक्षक गॅलरीत खांद्यावर घोंगडं टाकून सासरेच बसलेले! त्यांच्यासमोर ती जन्मात कधी बसली नव्हती. पदर सावरत ती झटकन उभी राहिली. अध्यक्षांना वाटलं, बाईंना बोलायचंय. "बोला, सन्माननीय सदस्या." सगळ्या मेंढरांनी माना वळवल्या आणि माळावरच्या मोकळ्या आवाजात माया गावाकडच्या कोरड्या माणगंगा नदीवर बोलत सुटली. वर सासरेही उठले. मार्शल त्यांना बसवू लागला, तशी त्यांची हाळी सभागृहात घुमली, "आवं, आमच्या आमदारबाई उभ्या हायत, मी कसा बसू?"