एकशेवीसपैकी

"थांब. अंदाज करू नकोस," विजयश्री म्हणाली.

"अंदाजाचं नावच काढू नकोस, ताई," सुजित म्हणाला.

कुरुळीच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथ फिरत होती आणि तिच्या वरचा आवाज काढून विजयश्री प्रश्न वाचत होती. ती सुजितची चुलत बहीण. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. त्याच्याकडून लॉच्या प्रवेश परीक्षेचे तर्काचे प्रश्न करून घ्यायला पिंपरीहून रोज दोन बस बदलून यायची. परीक्षा चार दिवसांवर होती.

"सगळे वकील कोट घालतात. कोट घालणारे काही जण घामाघूम असतात. म्हणून काही वकील घामाघूम असतात. निष्कर्ष बरोबर?"

"चाकणमध्ये बरोबर."

"पुस्तकात?"

सुजितने तीन गोल काढले, खोडले, परत काढले. "निघत नाही निष्कर्ष."

"शाब्बास."

"नक्की ना? शंभर टक्के?"

"अरे, नक्की."

लेथवरून बाळू बोलला, "भावा, एक जरी इकडचा तिकडे झाला तर संपलं."

शेड सुजित आणि बाळूची, निम्मी निम्मी. "तुझा भागीदार कोर्टात चालला, आणि काळजी तूच करतोस," विजयश्री त्याला म्हणाली. "मन मोठं आहे रे तुझं."

बाळूने मान खाली घालून लेथला लावलेला लोखंडी जॉब फिरवला.

सुजितचे वडील, अर्जुनराव, राजगुरुनगरच्या कोर्टात तीस वर्षं वकिली करत होते. त्यांनी अट साधी ठेवली होती.

"एक संधी. शेड नाहीतर कोर्ट, दोन्हींतलं एक निकालाच्या दिवशी बंद. एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, उत्तरं मी स्वतः तपासणार. बाकी फिकीर करू नकोस. एक मार्क पडला तरी ओळखीच्या कॉलेजात जागा धरून ठेवलीय."

"आणि एकही नाही पडला तर?"

अर्जुनराव पोट धरून हसले. "तर तुझ्या शेडवर मीच बोर्ड लावून देईन. असला नग आपल्या घराण्यात झाला नाही अजून."

पेंटरकडून त्यांनी घरासाठी पाटी रंगवूनही आणली होती. ॲडव्होकेट सुजित अर्जुनराव. पाटी दिवाणाखाली होती आणि सुजित त्या दिवाणावर झोपायचा.

गेल्या महिन्यात त्याने एक सराव परीक्षा प्रश्न न वाचता नुसत्या टिचक्या मारून दिली होती. निकाल बघितल्यावर तो दोन दिवस जेवला नाही.

"किती पडले होते?" विजयश्रीने विचारलं.

"एकतीस."

"टिचक्या मारल्यावर तेवढेच पडणार."

"तेच तर."

"आणि काकांनी जागा धरलीय म्हणतोस. मग कशाला एवढा जीव काढतोस?" मग तिलाच उमगलं. "ओळखीवर नाही जायचं तुला. कळलं मला."

सुजितने पेन्सिलीला टोक केलं.

परीक्षेचं केंद्र पिंपरीत होतं. अर्जुनराव स्वतः सोडायला आले. फाटकापाशी त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि ते गाडीत जाऊन बसले. सुजितला ते काही बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आत एसी चालू होता. सुजितचा शर्ट पाठीला चिकटला होता. एकशेवीस प्रश्न. त्याने प्रत्येक प्रश्न दोनदा वाचला, जिथे मन कचरलं तिथे तीनदा. शेजारची मुलगी पंधरा मिनिटं आधी उठून गेली. सुजित एकशेविसाव्या प्रश्नावर आला तेव्हा घड्याळात पन्नास सेकंद होते.

हिंदुराव भिमाजीपेक्षा उंच. गेनबा भिमाजीपेक्षा बुटका. सार्थक हिंदुरावापेक्षा उंच. सर्वांत बुटका कोण?

चार नावं, चार पर्याय. त्याने कच्च्या कागदावर चार रेघा ओढल्या. बोटं ओली होती, रेघा फिसकटल्या. तीस सेकंद. कोरा सोडायचा नव्हता. ठोकून द्यायचाही नव्हता, चारात एक धोका. त्याने परत रेघा ओढल्या. सार्थक, हिंदुराव, भिमाजी, गेनबा. वरून खाली तपासलं, खालून वर तपासलं. बारा सेकंद. गेनबा. शंभर टक्के गेनबा. आधीच्या एकशे एकोणीस उत्तरांइतकंच पक्कं.

सुजितने सुटकेचा श्वास सोडला आणि सार्थकवर क्लिक केलं.