जाळ्यावरचा गुलाब

"बाबा, काय करून ठेवलंत हे!" रूपालीच्या हातातली मासळीची टोपली धाडकन खाली आली.

पडवीतल्या निळ्या ड्रममधला तिचा वेलगुलाब भिंतीवरून उतरला होता. पत्र्यापर्यंत चढवलेल्या लांब फांद्या सासऱ्याने, महिपतने, खाली ओढून आपल्या जुन्या जाळ्यावर आडव्या बांधल्या होत्या. जाळं दोन खांबांना ताणलेलं. म्हाताऱ्याला आता दिसत नव्हतं. सगळं चाचपून केलेलं. काट्यांनी बोटं रक्ताळलेली, पण स्वारी भलती खूश!

"सगळं एकावर एक उभं केलं होतंस गो. पसरायला नको? वारा कसा लागणार?"

"जाळं नाय हो ते! झाड हाय!" रूपालीला रडूच फुटलं. मिरजोळ्याच्या नर्सरीत फुलांनी भरलेली रोपं सोडून तिने हा काटकुळा वेल उचलला होता. ड्रमला भोकं पाडली, शेणखत घातलं, लेकरासारखा वाढवला. दोन पावसाळे गेले, नुसती पानं. आणि नवऱ्याने, सागरने, बजावलंच होतं : शिमग्यापर्यंत फूल नाही आलं, तर वेल उकिरड्यावर आणि ड्रम होडीवर, बर्फाला.

ती गाठी सोडवायला बसली. पण होडी हाकण्यात जन्म गेलेल्या तांडेलाच्या गाठी त्या! नखं मोडली, एक सुटेल तर शपथ. "मरू दे मेलं," म्हणाली आणि उठली.

नंतर आडव्या फांद्यांच्या पेरापेरातून धुमारे वर निघाले, त्यांना कळ्या धरल्या. रूपालीने पाहिलं, पण दृष्ट लागेल म्हणून अवाक्षर काढलं नाही.

शिमगा तोंडावर आला. आठवडाभराने समुद्रावरून परतलेला सागर सकाळी ड्रम उचलायला पडवीत आला आणि जागीच थांबला. या खांबापासून त्या खांबापर्यंत गुलाबच गुलाब. जाळं दिसेना. त्याने नकळत पायातल्या चपला काढल्या.

"बर्फाला दुसरा ड्रम बघतो," तो हळूच म्हणाला.

"फुललं काय गो?" महिपतने आतून विचारलं.

रूपालीने म्हाताऱ्याला हाताला धरून आणलं आणि हात जाळ्यावर ठेवला. तो एकेक फूल चाचपत दुसऱ्या खांबापर्यंत गेला. मग वाकला आणि तोंडच त्यात खुपसलं.

"जन्म गेला," तो आतूनच पुटपुटला, "ह्या जाळ्याला मासळीबिगर दुसरा वास नाय आला."

आणि नाक काही बाहेर काढीना.